चिंचोक्याच्या खळीनं जोडलेलं डोकं

गंगाराम, तुझ्या मयतीला अर्धं आदिलाबाद लोटलं होतं, घाटावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती आणि पलीकडच्या वऱ्हाडातून माणसं नदी पोहून आली, असं मी गेले अकरा दिवस ज्याला त्याला सांगत सुटलो आहे. खरं काय ते तुला ठाऊक आहे. तू तिथंच होतास, आडवा. आम्ही एकोणतीस जण होतो आणि मल्लू भोयाचं कुत्रं होतं. पोहून आलं ते तेवढं कुत्रंच.

आपल्या वाचनालयाचे चिटणीस परवा नाक्यावर आले. म्हणाले, "किसनराव, हस्तलिखित अंकात गंगारामावर चार पानं तुम्हीच लिहा. तुम्ही दोघं जिवाचे. आणि हे बघा, रडवू नका, हसवा. तुमच्यासारखं हसवणं कुणाला जमत नाही." मी मान डोलावली. हसवणं मला जमतंच. एकदा तर मी तुझ्यावर सगळा घाट हसवला होता, दोन्ही काठांचा. तेच लिहायला बसलो आहे, पण चिटणीसांना पाहिजे तसं ते होणार नाही.

तू निर्मळचा. बापजाद्यांचा धंदा लाकडी खेळण्यांचा. भावांशी फाटलं म्हणून बायकोच्या, राधावहिनींच्या माहेरी, आमच्या या पैनगंगेच्या घाटावर येऊन राहिलास. पोणकीचं मऊ, भाकरीइतकं हलकं लाकूड निर्मळहून नेरडीगोंड्याचा घाट चढवून बैलगाडीनं आणायचास. त्याचे तुकडे कोरायचे, चिंचोके भिजवून वाटून त्यांची खळ करायची, खळीनं तुकडे जोडायचे, वर पांढऱ्या मातीचा हात आणि मग रंग. तुझा राघू बघून खरे राघू झाडावरून उतरायचे असं मी तलमडुगूच्या बाजारात सांगायचो. ते खोटं होतं. पण एकदा एक मांजर तुझ्या राघूवर झेपावली होती, ते मात्र मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. ते सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, म्हणून मी झाडाचे राघूच सांगायचो.

आणि मी कोण? करोडगिरी नाक्यावरचा कारकून. वऱ्हाडातून नदी ओलांडून निजामाच्या मुलखात आलेल्या पोत्यांवर मोहोर मारायची, हे माझं काम. पण घाटावर मला कारकून म्हणून कोण ओळखत होतं? मी म्हणजे सात वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. देवमाशाच्या पाठीवर चूल मांडून भात शिजवलेला माणूस. दक्षिणेच्या समुद्रातल्या काळ्या माणसांच्या बेटांवर राजाच्या पंगतीला बसलेला माणूस.

गंगाराम, मी समुद्रावर गेलोच नव्हतो. सोळाव्या वर्षी घरातून पळून मुंबईला गेलो, गोदीतल्या एका वखारीत अकरा महिने गोण्या मोजल्या आणि पोट बिघडलं म्हणून परत आलो. समुद्र पाहिला तो धक्क्यावरून. त्यात उतरलो तो घोट्यापर्यंत.

एक गोष्ट तेवढी खरी. त्या वखारीत एक म्हातारा खलाशी यायचा. त्यानं एकदा पेटाऱ्यातून एक लाकडी डोकं काढून माझ्यासमोर खोक्यावर ठेवलं. काळं कुळकुळीत. जबडा बैलासारखा पुढं आलेला, डोळे मोठे, वाटोळे, शिंपल्यांचे, आणि हनुवटीखाली दोन छोटे हात. त्या बेटांवरचे लोक लांबच लांब होड्या करतात, तो म्हणाला, आणि होडीच्या तोंडावर, अगदी पाण्याला टेकेल असं, हे डोकं बांधतात. पाण्याखालचा खडक माणसाच्या आधी त्याला दिसतो. पाण्यातली भुतं त्याच्या डोळ्याला डोळा देत नाहीत. लढाईला निघालेल्या होडीचं डोकं हातात वैऱ्याचं मुंडकं धरतं; सलोख्यानं निघालेल्या होडीचं डोकं पाखरू धरतं. अर्धा तास मी ते बघत होतो. त्या अर्ध्या तासाची मी पुढं सात वर्षं केली.

ऐकणारे पुष्कळ होते, पण मानणारा तू एकटा. बाकीचे हसायचे आणि "अजून एक सांग" म्हणायचे. तू हसायचा नाहीस. तू विचारायचास, "भाऊ, त्या डोक्याचे कान कसे होते?" दुसऱ्या दिवशी, "अन् नाक?" तिसऱ्या दिवशी मला कान आठवेनात, म्हणून मी नवे बनवले. तू म्हणालास, "काल तर पाळ्या लांब सांगितल्या होत्या." मी म्हणालो, "बेट बदललं की कान बदलतात." तुला ते पटलं. तुला ते पटायला नको होतं.

मग जपानची लढाई आली. आदिलाबादच्या बाजाराच्या दिवशी आपण वाचनालयात टेकलो होतो. वर्तमानपत्रात दक्षिणेच्या समुद्रातल्या बेटांवर तुंबळ लढाई चालल्याचं छापून आलं होतं. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कुणी तरी मोठ्यानं वाचत होतं आणि तू उभा राहिलास.

"भाऊ! तुमची बेटं! छापून आली ना!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापर्यंत माझ्या बेटांवर माझाही फारसा विश्वास नव्हता. त्या दिवशी मी नुसता फुगलो. "राजा बरा असेल की नाही कोण जाणे," असं म्हणून मी डोळेसुद्धा पुसले.

परत येताना गाडीत, मांडवीच्या ओढ्यापाशी तू म्हणालास, "मल्लू नवी नाव बांधून राह्यला. तिच्या तोंडाले मी डोकं करतो. तुमी सांगा, मी करतो."

मल्लू भोयाला हे पाहिजेच होतं. पलीकडच्या इंग्रजी काठाच्या नावेनं पितळेची घंटा टांगली होती आणि त्यांचा नावाडी आमच्या काठाला बघून ती मुद्दाम बडवायचा. "मोगलाईत घंटा नाही का हो? शिंगं फुंका, शिंगं!" मल्लूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याला घंटेला उत्तर हवं होतं. पण तुला काय हवं होतं ते तू मला एकट्याला सांगितलंस. निर्मळचे तुझे भाऊ म्हणायचे की गंगाराम म्हणजे फडताळात ठेवायच्या वस्तूंचा कारागीर. तुला आयुष्यात एक तरी अशी वस्तू करायची होती, जी उन्हात, पाण्यात, कामावर उभी राहील. "पोरं खेळून टाकून देतात ते करतच आलो," म्हणालास. "हे लोकायनं दुरून बोट दाखवून म्हनलं पाह्यजे, ते पाहा, गंगारामाचं."

तुझ्या नावाचा प्रश्न होता तो. मला तो कळलाही होता.

तू सागवान पाहून ठेवलं होतंस. डेपोतला एक ओंडका, एकसंध, वर्षानुवर्षं पडून वाळलेला. "एकाच लाकडातून काढतो, भाऊ. जोड नको. पाण्यातलं काम हाय."

तुझं म्हणणं बरोबर होतं, गंगाराम. कुणीही तेच म्हणालं असतं. पण तू ते मला न विचारता ठरवलं होतंस, आणि समुद्राचा माणूस मी होतो.

मी म्हणालो, "सागवान? छे! तिकडे सागवानाला हात लावत नाहीत. तोंडाला जडपणा आला की नाव तोंडघशी पडते. तिकडे तुझ्या पोणकीसारखंच हलकं लाकूड लागतं. तुकड्या-तुकड्यांचं."

"अन् जोडतात कशानं?"

तिथं मी थांबलो असतो तरी चाललं असतं. "विसरलो" म्हणालो असतो. पण विसरलो हा शब्द माझ्या तोंडाला कधी माहीतच नव्हता. तुझ्या ओसरीवर खळीची वाटी होती, ती मला दिसली. मी म्हणालो, "चिंचोक्याच्या खळीनं."

तू वाटीत बोट बुडवून खळ चिमटीत चोळून पाहिलीस. "तिकडे चिंच असते?"

"रस्त्यानं सावलीच चिंचेची."

"पन पाण्यात खळ सुटते ना, भाऊ."

"तू गेला होतास का तिकडे? मी गेलो होतो!"

हा माझा आवाज मला अजून ऐकू येतो. राधावहिनी आतून बाहेर आल्या होत्या, एवढा तो मोठा होता. तू लगेच म्हणालास, "नाही, नाही. तुमी पाह्यलं. मी काऊन वाद घालू?"

दोन महिने तू ते डोकं केलंस. मी रोज नाक्यावरून सुटलो की येऊन बसायचो. मी जे सांगितलं त्यातलं खरं किती, खोटं किती, हे तुझ्या हाताला कसं कळलं कोण जाणे, पण खोटे कान तू तीनदा केलेस आणि तीनदा मोडलेस. शेवटी जे उतरलं ते त्या खलाशाच्या पेटाऱ्यातलंच होतं. तोच जबडा. पैनगंगेतले शिंपले घासून घासून तू डोळे केलेस. हातात काय द्यायचं, असं विचारलंस, मुंडकं की पाखरू? आणि मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, "पलीकडं माझी साळी दिली हाय. आपल्याले कोनाशी लढायचं? पाखरू." मग तू राघू केलास. हनुवटीखाली दोन हातांत धरलेला हिरवा राघू. तसं डोकं त्या बेटांवरसुद्धा कधी झालं नसेल. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायची माझी पद्धत तुला ठाऊक आहे. ही ती नाही.

तू वर जवसाच्या तेलाचे तीन हात दिलेस. खळीवर तुझा भरवसा नव्हताच.

दसऱ्याच्या आदल्या सोमवारी नाव पाण्यात घातली. दोन्ही काठांवर माणसं. मल्लूनं नारळ फोडला. पलीकडची घंटा त्या दिवशी वाजली नाही. त्यांचा नावाडी टाचा उंचावून बघत होता. पहिली खेप झाली. डोकं पाण्याला टेकून, डोळे चमकवत गेलं आणि आलं. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "कोन देव हो हा?" तू माझ्याकडे पाहिलंस. असा आनंद मी माणसाच्या तोंडावर पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या खेपेला जबड्याचा रंग तडकला. तिसऱ्या खेपेला नदीच्या मधोमध डोक्याच्या तोंडातून पांढरं पांढरं पाणी गळायला लागलं. मग राघू सुटला. पोणकीचा तो, बुडणार कसा! डुलत डुलत धारेला लागला. आणि नाव आपल्या काठाला लागता लागता जबडा निखळून पाण्यात पडला.

मग पलीकडून नावाडी ओरडला, "ओ मोगलाईवाले! तुमच्या देवाची कवळी पडली हो!"

इकडच्या काठाला हसू दाबवेना. आणि लोकांचे डोळे माझ्याकडे वळले, कारण असल्या वेळी मीच बोलायचो, सवयच होती ती त्यांची. आता कुणी तरी विचारणार, किसनराव, खळ तुम्हीच सांगितली होती ना? आणि कुणी विचारायच्या आत मी छाती भरून ओरडलो, "अरे, गंगारामानं देवाला चिंचेचं सार पाजलं! पोट नाही का बिघडणार!"

काय हसले लोक. मल्लू हसला, नारळ धरलेला पुजारी हसला, पलीकडचेही हसले. त्या दिवसापासून तू सारवाला गंगाराम झालास. तुझ्या मयतीच्या दिवशीसुद्धा लाकडं आणायला गेलेल्या माणसानं विचारलं, "कोन, सारवाला का?"

तू हसला नाहीस, चिडलाही नाहीस. गुडघाभर पाण्यात उतरून तरंगत चाललेल्या जबड्यामागं काठाकाठानं गेलास.

दिवेलागणीच्या सुमाराला तू नाक्यावर आलास. बाकावर बसलास. मी कागदात डोकं खुपसलं होतं. तू हळूच विचारलंस, "भाऊ, तिकडे असं कधी झालं होतं का?"

गंगाराम, तू मला दार उघडून दिलं होतंस. एवढं सोपं करून दिलं होतंस की एका शब्दात सुटलो असतो. त्या वेळी नाक्यावर तिसरं कुणी नव्हतं. हसायला कुणी नव्हतं. मला लाज वाटली असती ती फक्त तुझ्यापुढं.

मी म्हणालो, "तिकडे पाणी खारं. खाऱ्या पाण्यात खळ दगडासारखी होते. हे गोडं पाणी पडलं."

तू विचार केलास. मग कपाळावर हात मारलास. "हां. पानी विचारलंच नाही मी. मग चूक माझीच म्हना ना."

आणि उठून गेलास. हलका होऊन गेलास, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. कारण मित्रानं फसवलं नाही, आपणच चुकलो, याचं तुला बरं वाटलं होतं.

त्यानंतर तू तळहातापेक्षा मोठी वस्तू केली नाहीस. कुणी सार काढलं की तूच सांगायचास, "किसनभाऊनं बरोबर सांगितलं होतं. मीच गोड्या पान्याचा इचार नाही केला." माझ्यासमोर सांगायचास. आणि मी चहाचा घोट घेत मान हलवायचो.

माझी पोर सुमन देवीच्या आजारात अंधाऱ्या खोलीत पडून होती, तेव्हा तू एकवीस दिवस रोज एक पाखरू खिडकीत ठेवून गेलास. घरात यायला लोक घाबरत होते. तू खिडकीतून तिला पाखराचं नाव विचारायचास, आणि तिनं नाव दिलं की म्हणायचास, "याले उद्यापर्यंत सांभाळ, उद्या याचा भाऊ येईल." ती उठली ती त्या उद्यांवर. हे त्या नावेच्या नंतरचं आहे, गंगाराम. सारवाला झाल्याच्या नंतरचं. खिडकीबाहेर तू उभा असायचास आणि आत मी, आणि एकवीस दिवसांत एकदाही माझ्या तोंडून ते निघालं नाही.

आणि दर साली पाऊस ओसरला की तू यायचास. "औंदा सागवानाचं करून पाहू का, भाऊ? गोड्या पान्याले सागवान चालंल." मी विषय बदलायचो. तुला वाटायचं, भाऊला माझ्या हसं होण्याची काळजी. ते तसं नव्हतं. सागवानाचं डोकं टिकलं असतं आणि नावही तोंडघशी पडली नसती, तर माझी बेटं बुडाली असती, म्हणून मी तुला नको म्हणत राहिलो. तुझं एक नाव होऊ शकलं असतं, ते मी माझ्या गप्पांवरून ओवाळून टाकलं. या वर्षी पाऊस ओसरला तरी तू आला नाहीस. हिवतापानं पडला होतास. मला वाटलं, बरं झालं, औंदा विचारणार नाही. असं मला वाटलं, गंगाराम. मी ते इथं लिहून ठेवतो.

दहाव्याला घाटावर आम्ही जमलो. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. तुझं कशात अडलेलं नव्हतं. अडलं होतं माझं. मी उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं. मी बेटांवर गेलो नव्हतो. समुद्रावरच गेलो नव्हतो. गंगाराम सागवान म्हणत होता, खळ सुटते म्हणत होता. पोणकी आणि खळ माझी. सारवाला म्हणायचं तर मला म्हणा.

मग मल्लू डोळे पुसत हसायला लागला. "काय माणूस हाय हा! मेलेल्या दोस्तासाठी केवढी थाप मारून राह्यला पाहा!" पुजारी म्हणाला, "किसनराव, आजवरची ही सगळ्यात मोठी." मी ओरडलो, शपथा घेतल्या. जेवढ्या शपथा घेतल्या तेवढे ते जास्त हसले. दोघं-तिघं येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. असा मित्र मिळायला नशीब लागतं, असं एक जण म्हणाला. म्हणजे तुझ्या दहाव्यालाही मी तुझ्याच जिवावर मोठा झालो.

राधावहिनी हसल्या नाहीत. सगळे पांगल्यावर त्या माझ्यापाशी आल्या.

"भावजी, खरं हाय ना हे?"

"खरं आहे, वहिनी."

"मग त्यायले काऊन नाही सांगितलं? ते तर मानले असते. तुमचं सगळंच मानत होते ते."

त्या उत्तरासाठी थांबल्या. त्यांनी तांब्या उचलला आणि घाट चढून गेल्या.

हा अंक आदिलाबादेत वाचला जाईल तेव्हा लोक पुन्हा हसतील, किसनरावांनी काय रंगवलं आहे म्हणतील. हसू देत. त्यांच्यासाठी हे लिहिलेलंच नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून वहिनींना मी हे वाचून दाखवणार आहे, त्यांनी ओसरीवर बसू दिलं तर.

गंगाराम, पाणी गोडं की खारं, त्याचा काही संबंध नव्हता. तू चुकला नव्हतास. सागवानच घ्यायला हवं होतं.